राहणे आणि रहिवास

प्रवेशाच्या दिवसांत महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांसमोर ज्या रांगा लागतात, त्यांत उभ्या असलेल्या पालकांना ‘अधिवास’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. राज्यात १५ वर्षे वास्तव्य केल्याचा दाखला हवा असतो आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, विजेचे बिल, घरपट्टीची पावती असे एकेक कागद जमवावे लागतात. ज्याच्या तीन पिढ्या एकाच आळीत गेल्या, त्यालाही आपण येथे राहत होतो हे कागदानेच सिद्ध करावे लागते. याचा त्रागा होतो, कचेरीतील कारकुनाला चार शब्द ऐकावे लागतात आणि अखेरीस दाखला हाती पडतो. तो उशिरा मिळाला तर फार तर एखादा प्रवेश हुकतो; देश हुकत नाही. परंतु या भूमीवर अशीही माणसे आहेत, की ज्यांचे मतदान, नोकरी, मुलांचे भवितव्य, किंबहुना येथे राहण्याचा अधिकारच वास्तव्याच्या अशा एका हिशेबावर टांगलेला असतो. परदेशी म्हणून आलेला मनुष्य भारताचा नागरिक होऊ इच्छितो, तेव्हा कायदा त्याला प्रथम जो प्रश्न विचारतो तो वरकरणी अत्यंत साधा आहे: तुम्ही येथे किती काळ राहिलात? या प्रश्नाचे उत्तर देणे इतके कठीण का व्हावे आणि ते कठीण करून ठेवण्यात राष्ट्राचे कोणते हित साधते, याचा विचार नागरिकत्वावरून उठलेल्या एवढ्या गदारोळातही फारसा झालेला नाही.

घटना समितीपुढे हा विषय १९४९ च्या ऑगस्टमध्ये निर्णयासाठी आला, तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. एखादा अपवाद सोडल्यास नागरिकत्वाच्या कलमाएवढी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिली नाही, अशी कबुली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी दिली होती. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने देशात अधिवास असलेल्या व्यक्तीला तीन मार्गांनी नागरिक मानले. तिचा जन्म येथे झालेला असावा, किंवा मातापित्यांपैकी एकाचा झालेला असावा, किंवा निदान लगतची पाच वर्षे तिचे येथे सर्वसाधारण वास्तव्य असावे. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी सहावा अनुच्छेद निराळा करण्यात आला. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला मनुष्य स्थलांतर केल्यापासून येथे राहत असला म्हणजे पुरे. त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्याने सहा महिन्यांचे वास्तव्य करून नाव नोंदवावे. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवान्याची सक्ती झाली होती, म्हणून ही तारीख. उल्हासनगरच्या छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांना नव्या देशाचे नागरिक होण्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांचा रहिवास पुरला, ही गोष्ट आज आवर्जून ध्यानात घेण्यासारखी आहे.

हे औदार्य सर्वांनाच रुचले होते असे नाही. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी या तरतुदींवर कडाडून टीका केली. अशाने भारताचे नागरिकत्व जगातील सर्वांत स्वस्त नागरिकत्व ठरेल, असा त्यांचा आक्षेप होता. प्रवासात मुंबईला काही तास थांबलेल्या परकी जोडप्याला तेथेच मूल झाले तर तेही भारतीय ठरेल काय, असा त्यांचा सवाल होता. केवळ पाच वर्षे राहिल्याने कोणालाही नागरिक मानण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. अन्य कोणत्याही देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू व शीख व्यक्तीला, ती कोठेही असली तरी, भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी दुरुस्तीही त्यांनी सुचवली. घटना समितीने ती स्वीकारली नाही. शेतकऱ्यांचे कैवारी आणि बहुजनांचे शिक्षणमहर्षी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्यांच्या या भूमिकेचा उल्लेख येथे क्वचितच होतो. पण पुढील ७० वर्षांत कायद्याने जे वळण घेतले ते पाहता, त्या चर्चेत हरलेली बाजू पूर्णपणे हरली होती असे म्हणवत नाही.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने घटनाकारांचेच धोरण पुढे चालवले. मूळचे भारतीय असलेल्या माणसाने अर्ज करण्यापूर्वी सहा महिने येथे राहिलेले असावे, एवढीच अट होती. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी स्त्रीला तर वास्तव्याची ठराविक मुदतच नव्हती. परदेशी पतीला मात्र ही सवलत नव्हती, कारण पत्नीने पतीच्या देशाचे व्हावे हा समज तेव्हा जगभर कायम होता. ज्यांचा भारताशी रक्ताचा वा विवाहाचा संबंध नाही, अशांसाठी कायद्याची तिसरी अनुसूची होती. अर्जाच्या लगतपूर्वीचे १२ महिने येथे सलग काढायचे आणि त्यामागील सात वर्षांपैकी एकूण चार वर्षे येथे राहिलेले असायचे. म्हणजे पाच वर्षांच्या वास्तव्यावर परका मनुष्य नागरिकत्व मागू शकत असे.

त्यानंतर ही मुदत वाढतच गेली. बांगलादेश, श्रीलंका आणि आफ्रिकेतील काही देशांतून येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे कारण देऊन १९८६ मध्ये कायदा दुरुस्त झाला. सहा महिन्यांची पाच वर्षे झाली. भारतीयाशी विवाह केलेल्या स्त्री-पुरुषांना समान लेखण्यात आले, पण पाच वर्षांची अट दोघांनाही लागली. आणि सातपैकी चारच्या जागी बारापैकी नऊ वर्षे आली. १९८७ च्या १ जुलैपासून केवळ भारतात जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळणेही बंद झाले. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात आणि नवाची अकरा वर्षे केली. तेव्हापासूनचा सर्वसाधारण नियम असा: अर्जाच्या लगतचे १२ महिने अखंड आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे; थोडक्यात, १५ वर्षांच्या पट्टीवर १२ वर्षे भरली पाहिजेत. मूळच्या भारतीयांना आणि भारतीयांच्या पती-पत्नींना सात वर्षे, तीही लगतचे एक वर्ष अखंड आणि त्यामागील आठांपैकी सहा अशी.

हा हिशेब फळ्यावर मांडला तर प्राथमिक शाळेतील मुलालाही सुटेल. आयुष्यात तो तसा सुटत नाही. समजा, एखादी परदेशी परिचारिका किंवा प्राध्यापक १३ वर्षे येथे काम करीत आहे आणि अर्जापूर्वीच्या शेवटच्या वर्षातील दहाव्या महिन्यात तिची आई मायदेशी अंथरुणाला खिळली. ती ४० दिवस जाऊन आली. मागील १३ वर्षांचा साठा शिल्लक असूनही अखंड १२ महिन्यांची साखळी तुटली आणि परतल्याच्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू झाली. २०१५ च्या दुरुस्तीने या जाचावर थोडी फुंकर घातली. विशेष परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंतचा खंड माफ करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तो अधिकार सरकारचा आहे, अर्जदाराचा हक्क नव्हे. आणि आजारी आईचे दिवस ३० च्या आत मावतीलच असे नाही.

दिवस मोजणे हा या प्रश्नाचा सोपा भाग होय. कोणता दिवस वास्तव्याचा धरायचा, हा खरा कठीण भाग. न्यायालयांनी राहणे आणि अधिवास यांत फरक केला आहे: केवळ शरीराने येथे असणे पुरेसे नाही, येथेच कायमचे राहण्याचा हेतू असला पाहिजे. तत्त्व म्हणून यात खोट काढता येणार नाही. प्रवासी आणि रहिवासी यांत भेद असलाच पाहिजे. परंतु हेतू ही मनातील गोष्ट. ती पाहायची कशी? अर्थात कागदातून. लहानपणी इराणातून येऊन मुंबईत वाढलेल्या एका इसमाचे प्रकरण साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेले होते. घटना अंमलात येण्यापूर्वीची अनेक वर्षे तो मुंबईतच होता, तरीही कायमच्या वास्तव्याचा हेतू सिद्ध न झाल्याने तो नागरिक ठरला नाही. त्याहून अधिक बोलके प्रकरण १९९१ मध्ये निकालात निघाले. एक बेल्जियन धर्मोपदेशक १९३७ पासून भारतात काम करीत होता. पन्नास वर्षे येथे काढल्यावर ऐंशीच्या दशकात त्याला देश सोडण्याची आज्ञा झाली, तेव्हा आपण घटनेच्या प्रारंभापासूनच भारतीय आहोत असा दावा त्याने केला. न्यायालयाने तो फेटाळला. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा येथे कायम राहण्याचा निश्चय होता हे त्याने सिद्ध करावयास हवे होते. पण त्याच्याकडे परदेशी पासपोर्ट होता आणि वास्तव्याची मुदत वाढवून मागणारे त्याचे अर्ज सरकारदरबारी होते.

या निर्णयातील कायदेशीर तर्क बिनचूक असेल. त्यातील पेच मात्र विलक्षण आहे. परदेशी माणसाने मुदतवाढीचा अर्ज केला नाही तर त्याचे राहणे बेकायदा ठरते. आणि नियम पाळून दरवर्षी मुदतवाढ मागितली, तर तो तात्पुरता राहणारा असल्याचा पुरावा त्याच अर्जांतून तयार होतो. सरकारने छापलेल्या नमुन्यात ‘कायमचा’ असे लिहिण्यास जागाच नसते. मग ती जागा रिकामी राहिली याचा दोष कोणाला द्यायचा?

याउलट ज्यांच्याबाबतीत हा हिशेब सुखाने जुळला, त्यांची नावे महाराष्ट्र अभिमानाने घेतो. १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झालेले व्हेरियर एल्विन १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाले. मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी महात्मा फुले यांच्या चळवळीवर संशोधन केले, सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे आपले गाव मानले आणि १९८३ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले. २०२१ मध्ये त्यांचा देह त्याच गावी विसावला. फलटणला स्थायिक होऊन मराठीच्या अध्यापनात आयुष्य वेचणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, अशी तिसऱ्या अनुसूचीची एक अट आहे. फलटणच्या या बाईंची ती परीक्षा घेण्याचे धाडस एखाद्या मराठी अधिकाऱ्याने केले असते, तर परीक्षकालाच घाम फुटला असता. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत असाधारण सेवा करणाऱ्यांना सर्व अटी माफ करण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला आहे. तथापि कायद्याची कसोटी अशा नामवंतांवर लागत नसते. ती लागते छावणीतील, वस्तीतील, भाड्याच्या खोलीतील अनामिकांवर.

तामिळनाडूतील श्रीलंकन तमिळांकडे पाहावे. १९८३ च्या वांशिक दंगलींनंतर होडक्यांतून रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागलेली ही माणसे मंडपम आणि अन्य छावण्यांत राहिली. त्यांची नोंद सरकारकडे आहे, हजेरी सरकार घेते, महिन्याची मदत सरकार देते. ११ काय, त्यांच्यातील कित्येकांची ४० वर्षे येथे गेली. चहाच्या मळ्यांत कामासाठी इंग्रजांनी नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशजही त्यांत आहेत. पण २००३ च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ ही संज्ञा कायद्यात आणली. वैध प्रवासपत्राशिवाय आलेला, किंवा मुदत संपल्यावरही राहिलेला मनुष्य या संज्ञेत बसतो, आणि अशा माणसाचे वास्तव्य कितीही वर्षांचे असले तरी त्याला नोंदणीने वा स्वीकृतीने नागरिक होता येत नाही. जीव वाचवण्यासाठी रात्री होडीत बसणाऱ्याने आधी व्हिसा घ्यावयास हवा होता, असा याचा अर्थ होतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ मध्ये अशा काही अर्जदारांचा विचार करण्यास सरकारला सांगितले होते. तरीही मुळातील अडचण दूर झाली नाही, कारण ती न्यायालयाने नव्हे, संसदेने निर्माण केलेली आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संसदेने ही अडचण दूर केली. पण काही ठराविक लोकांपुरतीच. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित मानू नये, असे ठरले आणि त्यांच्यासाठी ११ वर्षांची अट पाच वर्षांवर आली. या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी २०१६ च्या डिसेंबरमध्ये सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या सहा समाजांतील अर्जदारांबाबत नागरिकत्वाचे अधिकार देण्यात आले होते. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे चार जिल्हे होते. सिंधमधून आलेल्या, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे दिवस काढणाऱ्या कुटुंबांना त्याचा आधार वाटला असेल तर ते स्वाभाविकच होते. पासपोर्टची मुदत संपत आलेली, ज्या देशातून पळून आलो त्याच देशाच्या वकिलातीत नूतनीकरणासाठी जाणे भाग, आणि पोरांच्या परीक्षेच्या अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापुढे काय लिहावे हा दरवर्षीचा प्रश्न, अशा अवस्थेतील माणसाला लवकर नागरिकत्व मिळू नये असे म्हणणारा मनुष्य निष्ठुरच म्हटला पाहिजे.

आक्षेप निराळा आहे. पाच वर्षांचे वास्तव्य माणसाची ओळख पटण्यास पुरेसे आहे, असे संसदेने स्वतःच मान्य केले. १९५५ च्या संसदेचेही हेच मत होते. मग इतरांना आणखी सहा वर्षे कशासाठी? वास्तव्याची अट ही माणूस या समाजात मिसळला की नाही हे तपासण्याची कसोटी असेल, तर मिसळण्याचा वेग धर्मावरून ठरतो असे मानावे लागेल. सरकारपक्षाचे उत्तर असे, की या तीन देशांत हे समाज धर्मामुळे छळले जातात आणि त्यांना दुसरा आसरा नाही. हे उत्तर अगदीच निराधार नाही. परंतु छळ हाच निकष धरला तर श्रीलंकेतील तमिळ, ब्रह्मदेशातून आलेले निर्वासित आणि पाकिस्तानातीलच अहमदिया यांना वगळण्याचे कारण त्यातून मिळत नाही. छळाची चौकशी करून सवलत दिली असती तर ती न्याय्य ठरली असती. छळाचे गृहीत धर्माच्या रकान्यावरून बांधल्यामुळे ती पक्षपाती ठरली. शिवाय ज्यांना ती दिली त्यांनाही कागदाचा ससेमिरा चुकलेला नाही. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी भारतात पाऊल ठेवल्याचा पुरावा त्यांना द्यावाच लागतो. रात्री सीमा ओलांडणाऱ्याला त्या रात्रीची पावती कोण देणार?

कागदाच्या या महिम्याचे सर्वांत भयंकर रूप आसामात दिसले. तेथे १९८५ च्या करारानुसार १ जानेवारी १९६६ आणि २५ मार्च १९७१ या दोन तारखा ठरल्या. पहिल्या तारखेपूर्वी आलेले नागरिक ठरले. दोहोंच्या मधल्या काळात आलेल्यांना नोंदणी करून दहा वर्षे मताधिकाराविना काढावी लागणार होती. नंतर आलेले परके. ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने ग्राह्य ठरवली. तारखा ठरवणे हे राजकीय तडजोडीचे काम असते आणि कोणतीतरी तारीख घ्यावीच लागते. पण ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची अंतिम यादी निघाली तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. ब्रह्मपुत्रेच्या पुरात दरवर्षी घर वाहून जाणाऱ्याने ५० वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवावा, अशी अपेक्षा होती. परकेपणाचा वाद निघाला की आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार संबंधित व्यक्तीवरच असतो. इंग्रजांनी १९४६ च्या कायद्यात घातलेला हा नियम स्वतंत्र भारतानेही चालू ठेवला.

सोयीचे वाटले तेव्हा मात्र याच राज्ययंत्रणेने दिवस न मोजताही नागरिक घडवले आहेत. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या एका आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जी व्यक्ती, तिचे मातापिता किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी जन्मले असेल, ती भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना पूर्वीचेच राष्ट्रीयत्व हवे होते त्यांना तसे लेखी कळवण्यास एक महिना देण्यात आला. २०१५ मध्ये बांगलादेशाशी भूभागांची अदलाबदल झाली तेव्हा भारतात सामील झालेल्या ५१ वेढलेल्या वस्त्यांमधील सुमारे १४ हजार लोक एका मध्यरात्रीत भारतीय झाले. त्यांच्याकडून ११ वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि त्यामुळे आकाशही कोसळले नाही.

इतर देश हा हिशेब कसा ठेवतात, हे पुण्या-मुंबईतील पुष्कळ घरांना ठाऊक असते. मुलाकडे अमेरिकेला जाऊन ग्रीन कार्ड घेतलेले निवृत्त मास्तर थंडी टाळण्यासाठी पुण्याला येतात तेव्हा परतीची तारीख सहा महिन्यांच्या आत आहे ना, हे आधी पाहतात. तेथे नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. त्यांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर गेले पाहिजेत, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास सलगता तुटल्याचे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा अधिक बाहेर राहू नये असा दंडक आहे. कॅनडात पाच वर्षांपैकी १,०९५ दिवस भरावे लागतात; विद्यार्थी वा कामगार म्हणून तात्पुरत्या परवान्यावर काढलेला दिवसही तेथे वाया जात नाही, तो एका मर्यादेपर्यंत अर्धा धरला जातो. हे देश परक्यांना पायघड्या घालतात असा कोणाचा समज असल्यास तो सोडून द्यावा. त्यांच्या अटीही कडक आहेत. परंतु किती दिवस बाहेर गेल्यास काय होईल, हे तेथील अर्जदाराला विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कळते. शेवटच्या वर्षातील ९० दिवसांची मुभा आणि आपल्याकडील मर्जीवर अवलंबून असलेले ३० दिवस, यांतील अंतर ६० दिवसांचेच दिसते. वस्तुतः ते हक्क आणि मेहेरबानी यांच्यातील अंतर आहे.

आणि मेहेरबानी हाच भारतीय कायद्याचा गाभा आहे. १२ वर्षे भरली, चारित्र्य निष्कलंक ठरले, भाषा आली, पूर्वीचे नागरिकत्व सोडण्याची तयारी दाखवली, तरी अर्ज मंजूर झालाच पाहिजे असे नाही. कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे अर्ज स्वीकारणे वा नाकारणे सरकारच्या स्वेच्छाधीन आहे आणि त्याची कारणे देण्यास सरकार बांधलेले नाही. नाराज अर्जदार ३० दिवसांत फेरविचाराची विनंती करू शकतो. पण नकाराचे कारणच कळले नसेल तर विनंतीत त्याने लिहायचे काय? परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्यालाही आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. १२ वर्षांची परीक्षा देणाऱ्याला तेवढेही मिळू नये हे अजब आहे.

सार्वभौम राष्ट्राने आपल्यात कोणाला सामावून घ्यावे हे ठरवण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारत नाही, आणि सीमावर्ती राज्यांची चिंता काल्पनिक नाही. मुदत पाच वर्षांची असावी की १२ वर्षांची यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. मात्र एकदा मुदत ठरली, की तिचा हिशेब अर्जदाराच्या कपाटातील कागदांवर सोडण्याचे कारण उरत नाही. परदेशी मनुष्य विमानतळावर उतरतो तेव्हा शिक्का सरकार मारते, जातो तेव्हाही सरकारच मारते. व्हिसाची मुदत, तिची वाढ, परदेशी नोंदणी कचेरीतील हजेरी, पत्त्यातील बदल हे सर्व गृहखात्याच्याच दफ्तरात, आता तर संगणकात असते. अर्ज येताच खात्यानेच या नोंदींवरून दिवसांचा तक्ता तयार करून अर्जदारापुढे ठेवावा आणि चूक असल्यास ती दाखवण्याची संधी त्याला द्यावी. मुदतवाढीचा अर्ज वेळेत दिलेला असून निर्णय कचेरीकडून रखडला असेल, तर मधल्या दिवसांचा खंड अर्जदाराच्या माथी मारू नये. छावणीतील निर्वासितांची जी हजेरी सरकार स्वतः घेते, तिला वास्तव्याचा पुरावा मानण्यास आडकाठी नसावी. त्यासाठी ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून नोंदणीकृत निर्वासितांना, त्यांचा धर्म कोणताही असो, वगळावे लागेल. आणि अर्ज नाकारायचा असेल तर चौदाव्या कलमातील ‘कारणे देण्यास बांधलेले नाही’ हे शब्द काढून टाकून नकाराची कारणे लेखी द्यावीत. यांपैकी पहिल्या सूचनेसाठी संसदेची गरजसुद्धा नाही. गृहखात्याचे एक परिपत्रक पुरे आहे.